आईवडिलांच्या मृत्यूनंतर मेडिकेडचं वसुलीपत्र आलं तर

अमेरिकेत आई किंवा वडील गेल्यावर राज्य सरकारचं पत्र येऊ शकतं: त्यांच्या नर्सिंग होमचा खर्च मेडिकेडने (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेने) भरला होता, तो त्यांच्या मालमत्तेतून परत करा. पत्र पाहून घाबरून चेक लिहू नका. हा दावा मृताच्या मालमत्तेवर असतो, मुलांच्या पगारावर किंवा बचतीवर नाही. मालमत्तेच्या किमतीहून जास्त वसुली होत नाही. मेडिकेअरच्या (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) नेहमीच्या उपचारखर्चाची मात्र अशी वसुली नसते, त्यामुळे पत्र नक्की कशाचं आहे ते आधी पाहा.

१९९३च्या संघीय कायद्याने ही वसुली राज्यांना बंधनकारक केली. वयाच्या ५५व्या वर्षापासून घेतलेलं नर्सिंग होम, घरी मिळालेली दीर्घकालीन शुश्रूषा आणि त्यासोबतचं हॉस्पिटल व औषधं यांचा खर्च त्यात येतो. पुढचे नियम राज्यागणिक बदलतात. न्यू जर्सी ५५नंतरचा मेडिकेडचा सगळाच खर्च मागतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१७ किंवा त्यानंतर मृत्यू झाला असेल, तर फक्त प्रोबेटमध्ये, म्हणजे वारसांकडे जाण्यासाठी कोर्टाच्या प्रक्रियेत, येणाऱ्या मालमत्तेतूनच वसुली होते. न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मित्राचा सल्ला कॅलिफोर्नियाच्या फ्रिमाँटमध्ये चालेलच असं नाही.

मृताचा जोडीदार हयात असेल, २१ वर्षांखालचं मूल असेल किंवा कोणत्याही वयाचं अंध वा अपंग अपत्य असेल, तर वसुली करता येत नाही. आईवडील नर्सिंग होममध्ये जाण्याआधी किमान दोन वर्षं त्याच घरात राहून त्यांची सेवा केलेल्या आणि अजून तिथेच राहणाऱ्या मुलामुलींनाही घराबाबत संरक्षण मिळू शकतं. मात्र त्या सेवेमुळेच नर्सिंग होममध्ये जाणं पुढे ढकललं गेलं, हे सिद्ध करावं लागतं. डॉक्टरांचं पत्र आणि त्या पत्त्यावरची जुनी बिलं इथे फार मोलाची ठरतात. ती टाकून देऊ नका.

यापैकी काहीच लागू नसेल, तरी हार्डशिप वेव्हर, म्हणजे वसुलीने फार हाल होतील या कारणावरून सूट, मागता येतो. ही सोय प्रत्येक राज्याला ठेवावीच लागते, पण पुष्कळ कुटुंबांना ती वेळेत कळत नाही, याचं फार वाईट वाटतं. कॅलिफोर्नियात नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. इतरत्र मुदत पत्रावरच पाहा.

अर्जासोबत साधारणपणे मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा मालमत्तेचा कारभार पाहण्यासाठी कोर्टाने दिलेलं प्रशासकपत्र, घराची डीड (मालकीचा दस्तऐवज), गृहकर्जाची शिल्लक, मृत्यूच्या दिवशीचं बँक स्टेटमेंट, अंत्यसंस्काराचं बिल आणि तुमच्या उत्पन्नाचे पुरावे लागतात. खर्चाचा तपशीलवार हिशेब लेखी मागवा आणि तारखा पडताळा. ५५ वर्षांआधीच्या नोंदी त्यात आल्या असतील, तर हरकत घ्या.

दावा मिटेपर्यंत एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने) भावंडांत वाटणी करू नये. आधीच पैसे वाटले, तर ते स्वतःच्या खिशातून भरायची वेळ येऊ शकते.