मंगळवारचा पाऊस आणि बुधवारच्या सरी

समशीतोष्ण पट्ट्यातल्या एखाद्या किनारी प्रदेशासाठी मार्चच्या सुरुवातीला दिलेला अंदाज साधारण असा असतो : ‘मंगळवारी सकाळपासून ढग दाटतील, दुपारनंतर पाऊस, दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याचा जोर वाढत जाईल. रात्री पावसाचा जोर वाढून वारा पश्चिमेकडून वाहू लागेल. बुधवारी ऊन आणि सरी, काही ठिकाणी गारा, वाऱ्याचे जोरदार झोत. गुरुवारी उघडीप. शुक्रवारपासून पुन्हा अस्थिर.’

वाचणारा यातून एवढंच घेतो की आठवडाभर छत्री बाळगायची. फोनवर तर शब्दही नसतात. दोन्ही दिवसांपुढे एकच ढग आणि खाली तीन थेंब. या चित्राचा मला राग येतो, कारण अंदाज लिहिणाऱ्याने मंगळवारी ‘पाऊस’ आणि बुधवारी ‘सरी’ हे शब्द मुद्दाम निवडलेले असतात. दोन्हींचे ढग वेगळे, कारणं वेगळी, आणि अंदाज चुकलाच तर चुकण्याची तऱ्हासुद्धा वेगळी.

मराठी कानाला हा फरक तसा ओळखीचा आहे. रिपरिप आणि संततधार एका घरातली, सर दुसऱ्या घरातली. सर येते तशी जाते, आणि पलीकडच्या गल्लीत तिचा थेंबही पडलेला नसतो.

आधी मंगळवार. उत्तर गोलार्धात फेब्रुवारी-मार्चमध्ये ध्रुवाकडचा प्रदेश लांबलचक रात्रीतून नुकताच बाहेर येत असतो आणि वर्षातल्या सर्वांत थंड काळात असतो. विषुववृत्ताकडची हवा मात्र उबदारच असते. तापमानातली ही दरी जितकी मोठी, तितके मध्य अक्षवृत्तांवरून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे वारे, म्हणजे जेट स्ट्रीम, जोरकस. कधी कधी त्यांचा वेग ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. या प्रवाहाला वळणं पडतात आणि त्या वळणांच्या आधाराने जमिनीलगत कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. पंचांगात वसंत लागलेला असला, तरी वरच्या हवेत अजून हिवाळ्याचाच कारभार चालू असतो.

कमी दाबाच्या अशा क्षेत्राची अंतर्गत रचना पहिल्यांदा नीट उलगडली ती नॉर्वेतल्या बर्गनमध्ये. पहिल्या महायुद्धात इतर देशांकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा थांबल्या, तेव्हा हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्कनेस यांनी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं विणलं. त्या नोंदींच्या आधारे त्यांचा मुलगा याकोब याने 1919 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, दाखवून दिलं की उबदार आणि थंड हवा एकमेकींत सहजी मिसळत नाहीत. त्या समोरासमोर येतात आणि त्यांच्यामध्ये ठळक सीमारेषा असते. युद्ध ताजं होतं, त्यामुळे या रेषेला नाव मिळालं ‘आघाडी’.

उष्ण आघाडीत उबदार हवा थंड हवेच्या पाठीवरून वर चढते. हा चढ फार मंद असतो, शंभर-दोनशे किलोमीटरला एखादा किलोमीटर. म्हणूनच आघाडी शेकडो किलोमीटर लांब असतानाच तिचा सर्वांत वरचा टोकाचा भाग आपल्या डोक्यावर पोचलेला असतो. प्रथम पिसांसारखे तंतुमेघ दिसतात. मग आकाशावर दुधट पडदा येतो आणि सूर्याला खळं पडतं. ढगातल्या षटकोनी हिमस्फटिकांमधून प्रकाश वळल्यामुळे हे खळं सूर्यापासून 22 अंशांवर दिसतं. सूर्य एखाद्या खांबाआड झाकून हात लांब करावा आणि वीत ताणावी. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जवळपास तेवढंच अंतर भरतं. त्यानंतर ढग जाड होत, खाली उतरत येतात, सूर्य घासलेल्या काचेमागच्या दिव्यासारखा फिकट होतो आणि काही तासांत पाऊस सुरू होतो. शेकडो किलोमीटर रुंदीचा, सपाट, कंटाळवाणा पाऊस. तो सगळ्यांवर पडतो.

रात्री शीत आघाडी येते. इथे जड थंड हवा उबदार हवेच्या खाली घुसते आणि तिला झपाट्याने वर ढकलते, त्यामुळे पावसाचा पट्टा अरुंद पण जोरदार असतो. ती गेल्याचं घरबसल्याही कळतं : वाऱ्याची दिशा दक्षिण-नैऋत्येवरून एकदम पश्चिम-वायव्येला वळते, तापमान उतरतं, वायुभारमापकाचा घसरणारा काटा वर चढू लागतो. डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी 1857 मध्ये मांडलेला नियम अशा वेळी ताडून पाहता येतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं.

आता बुधवार, या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा दिवस. आकाश धुतल्यासारखं निळं, ऊन पडलेलं, आणि तरीही दर तासाला कुठून तरी काळा ढग येऊन भिजवून जातो. यामागे ऋतूचा एक विचित्र बेमेळ आहे. मार्चच्या मध्याला दुपारचा सूर्य सप्टेंबरच्या अखेरीला असतो तेवढाच उंच असतो. जमीन तो लगेच तापवतो. समुद्र मात्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. मध्य अक्षवृत्तांवर त्याचं तापमान याच सुमाराला वर्षातलं सर्वांत कमी असतं. वरची हवा तर शीत आघाडीमागून थेट ध्रुवाकडून आलेली. म्हणजे तळ तापतोय आणि वर बर्फासारखी थंडी. जमिनीलगतचा उबदार हवेचा बुडबुडा वर निघाला, की दर किलोमीटरमागे तो सुमारे 9.8 अंश सेल्सिअसने निवत जातो. तेवढं निवूनही तो भोवतालच्या हवेपेक्षा उबदारच राहिला, तर थांबणार कसा? वर जातच राहतो, त्यातली वाफ सांद्रीभूत होऊन राशिमेघ फुगतात, आणि त्यातले मोठे ढग बरसतात.

या दिवसांत गोठणबिंदूची पातळी जमिनीपासून फार वर नसते. त्यामुळे ढगात तयार झालेल्या गारा वितळायच्या आतच खाली पोचतात. बहुतेक बारीक, पांढऱ्या, बोटांत दाबल्या तर भुगा होणाऱ्या. सूर्य मावळला की जमिनीवरच्या सरी विरतात. किनाऱ्यावर मात्र त्या रात्रभर चालू राहू शकतात, कारण ध्रुवीय हवेच्या मानाने तो गारठलेला समुद्रही उबदारच असतो.

‘झोत’ हा शब्दही याच ढगांशी बांधलेला आहे. अंदाजातला वाऱ्याचा वेग म्हणजे जमिनीपासून दहा मीटर उंचीवरची दहा मिनिटांची सरासरी. झोत म्हणजे जेमतेम तीन सेकंदांचा तडाखा. सरीबरोबर खाली कोसळणारी हवा वरच्या थरातला वेगही सोबत आणते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ताशी 40 किलोमीटरचा वारा 80 झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. हिवाळाभर भिजलेल्या मातीतली झाडं अशाच एखाद्या झोताने उन्मळतात. त्यामुळे अंदाजात दोन आकडे दिले असतील, तर मोठा आकडा आधी पाहावा.

आता चुकण्याच्या तऱ्हेकडे. मंगळवारचा पाऊस पडणार, हे आदल्या दिवशी जवळजवळ नक्की सांगता येतं. चुकलीच तर वेळ चुकते. आघाडी तीन तास आधी येते किंवा रेंगाळते. बुधवारच्या सरी पडणार हेही नक्की असतं, पण कुठे, ते नाही. जगभराचा अंदाज काढणाऱ्या उत्तम संगणकीय प्रारूपांत नकाशावर आखलेल्या जाळीचा एकेक चौकोन आज सुमारे नऊ किलोमीटरचा असतो, प्रादेशिक प्रारूपांत एक ते तीन किलोमीटरचा. सरीचा ढग स्वतःच काही किलोमीटरचा. बारीक जाळीत तो उमटतो, पण नेमका कोणत्या गावावर, याची हमी नसते. डोंगरांचं मात्र नक्की सांगता येतं : वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर सरींची रांग लागते आणि पलीकडची बाजू पुष्कळदा कोरडी राहते.

म्हणून बुधवारपुढे ‘40 टक्के’ लिहिलेलं असतं. याचा अर्थ 40 टक्के वेळ पाऊस असा नव्हे, आणि तो हलका असेल असाही नव्हे. त्या कालावधीत तुम्ही उभे आहात त्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता तेवढी आहे. अमेरिकेच्या हवामान सेवेत ‘मोजण्याइतका’ म्हणजे किमान 0.25 मिलिमीटर. मंगळवारला ‘कधी?’ विचारावं आणि अंदाज वाचावा, बुधवारला ‘कुठे?’ विचारावं आणि तासातासाला रडारचं चित्र पाहावं.

गुरुवार दोन कमी दाबांच्या मधल्या फटीतला. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि रात्री उष्णता अडवायला ढग नसल्याने पहाटे हिमतुषार.

शुक्रवारची गोष्ट वेगळी. ज्या कमी दाबामुळे तो दिवस बिघडणार, तो मंगळवारी जन्मालाही आलेला नसतो. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी 1961 मध्ये संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा दिला आणि पुढचं हवामान पूर्णपणे वेगळंच निघालं, तेव्हापासून अशा ठिकाणी एकच उत्तर मागणं शास्त्रज्ञांनी हळूहळू सोडलं. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राने 1992 पासून एकाच वेळी अनेक अंदाज चालवायला सुरुवात केली. आज ते 51 असतात, सुरुवातीची स्थिती किंचित बदलून काढलेले. समजा, त्यांतले काही कमी दाबाचं केंद्र प्रदेशाच्या उत्तरेकडून नेतात : उबदार वारा, पाऊस. काही दोनशे किलोमीटर दक्षिणेकडून नेतात : गार पूर्वेचा वारा आणि कदाचित ओला बर्फ. वसंताच्या तोंडावर तापमान दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे झालं तरी एवढा फरक पडतो. अंदाज लिहिणारा 51 रेषांच्या त्या गुंत्याकडे पाहतो, ‘अस्थिर’ एवढंच लिहितो, आणि पुढचं बुधवारी संध्याकाळच्या अंदाजासाठी राखून ठेवतो.