कबर लपवायची की खूण ठेवायची?

अमेरिकेत वसाहत करायला आलेल्या इंग्रजांना पहिल्याच वर्षी आपले मृत लपवावे लागले. 1607 मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउनला 104 जण उतरले. पुढच्या जानेवारीत त्यांतले 38च उरले होते. माणसे मरताहेत हे स्थानिकांना कळू देऊ नका, अशी ताकीद त्यांना पाठवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने लंडनहून निघतानाच दिली होती. त्यामुळे कुंपणाच्या आतच दफने उरकली गेली. उत्खननात त्या कबरी सापडल्या; काही खड्ड्यांत दोघे-दोघे आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ या दुसऱ्या इंग्रज वसाहतीत 1620-21 च्या हिवाळ्यात जवळपास निम्मे लोक गेले, आणि त्यांच्या कबरींवर मका पेरला असे सांगतात. ही हकीकत फार नंतर लिहिली गेली, तेव्हा जरा जपूनच घ्यावी.

पुढे वस्ती स्थिरावली तसे शेतातल्याच एखाद्या उंचवट्यावर घरची कबरस्थाने झाली. शेजारणी प्रेताला आंघोळ घालीत, कपडे चढवीत, पापण्या मिटून राहाव्यात म्हणून वर नाणी ठेवीत. सुतारकाम जाणणारा कोणीतरी मापाच्या फळ्या कापी. पाय पूर्वेकडे, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी उठणाऱ्याचे तोंड उगवतीला. डोक्याशी शेतातलाच दगड, बहुधा कोरा.

अडचण पाद्र्याची. पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियाच्या डोंगरांत घोड्यावरून फिरणारा धर्मोपदेशक महिनोन्‌महिने फिरकत नसे. मग माती आज आणि मृत्यूचे प्रवचन सवडीने, कधी वर्षानंतरही. तोवर विधुराने दुसरे लग्न केलेले असे आणि पहिलीच्या प्रवचनाला नवी बायको शेजारी बसे. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. तिथे कोणाला त्यात वावगे दिसत नसे.

गाड्यांचे तांडे करून पश्चिमेला ओरेगॉनकडे वस्तीला जाणाऱ्यांना सुमारे 2000 मैलांच्या त्या वाटेवर मात्र एवढीही सवड नव्हती. 1849 ते 1852 या काळात कॉलऱ्याने थैमान घातले. सकाळी गाडीबरोबर चालणारा माणूस संध्याकाळी गेलेला असे. बर्फ पडण्याआधी डोंगर ओलांडायचे, म्हणून तांडा थांबत नसे. प्लॅट नदीच्या गवताळ खोऱ्यात शवपेटीला लाकूड कुठले? ब्लँकेटात गुंडाळायचे, नाहीतर गाडीच्याच फळ्या काढायच्या. अनेकांनी भर वाटेत खड्डा खणला आणि बुजवल्यावर त्यावरून गाड्या हाकल्या. माती दबावी, लांडग्यांनी उकरू नये, कोणी कपड्यांसाठी खणू नये, हा हेतू. उकरलेल्या कबरी पाहिल्याच्या नोंदी प्रवाशांच्या रोजनिशांत वारंवार येतात.

खूण राहिली ती अपवादाने. 15 ऑगस्ट 1852 रोजी नेब्रास्कात स्कॉट्सब्लफजवळ रिबेका विंटर्स कॉलऱ्याने गेल्या. कुटुंबाच्या स्नेह्याने खोल कबर खणली आणि चाकाची लोखंडी धाव वाकवून रोवली. तीवर छिन्नीने नाव आणि ‘वय 50’ कोरले. लोखंड असल्याने ते टिकले. पुढे रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ती दिसली आणि मार्ग थोडा सरकवला गेला. 1995 मध्ये रुळांच्या धोक्यामुळे कबरच जवळ हलवावी लागली.

1861-65 च्या यादवी युद्धात सैनिकांचे देह घरी पाठवण्यासाठी रसायने भरून टिकवू लागले. त्यानंतर हळूहळू हे काम शेजारणींच्या हातून व्यावसायिकांकडे गेले. त्यांतले बरेच मुळात शवपेट्याही बनवणारे फर्निचरवाले होते.