‘साल दार्म’ : तलवारबाजीच्या दालनाचे नाव आणि त्यामागचा इतिहास

ब्रिटन आणि अमेरिकेतील तलवारबाजीच्या अनेक क्लबांच्या नावात ‘साल’ हा फ्रेंच शब्द येतो, आणि तेथील खेळाडू आपल्या सरावाच्या जागेलाही नुसते ‘साल’ म्हणतात. फ्रान्समध्ये मात्र या एकट्या शब्दाचा अर्थ दालन एवढाच आहे. जेवणाची खोली ही ‘साल आ मांजे’ आणि शाळेतील वर्ग हा ‘साल द क्लास’ असतो. शस्त्रविद्येची जागा सांगायची असेल, तर ‘साल दार्म’, म्हणजे शस्त्रांचे दालन, असे पूर्ण म्हणावे लागते. हा शब्दप्रयोगही निःसंदिग्ध नाही, कारण जुन्या किल्ल्यांत शस्त्रे ठेवण्याच्या दालनालाही हेच नाव आढळते. पॅरिसच्या काँसिएर्झरी या जुन्या राजवाड्यामधील ‘साल दे झाँ दार्म’ हे प्रचंड मध्ययुगीन दालन तर राजवाड्यातील चाकरवर्गाच्या जेवणाचे होते. नावातल्या साम्यापलीकडे तलवारबाजीच्या शिक्षणाशी त्याचा संबंध नाही.

‘साल’ हा शब्द फ्रेंचमध्ये जर्मॅनिक भाषेतून आला असून जर्मनमधील ‘झाल’ हा त्याचा सख्खा भाऊबंद आहे. एका साध्या वास्तुवाचक शब्दाला पुढे जी प्रतिष्ठा लाभली, ती समजून घेण्यासाठी आधी तलवार शिकवणाऱ्यांची समाजातील स्थिती पाहावी लागते. इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्डच्या काळात, 1285 च्या कायद्याने, लंडन शहरात तलवार-ढालीची शाळा चालवण्यास बंदी घालण्यात आली होती, कारण अशा जागा म्हणजे गुंडांचे अड्डे, अशीच राज्यकर्त्यांची समजूत होती. आठव्या हेन्रीने 1540 मध्ये लंडनच्या शस्त्रगुरूंना अधिकारपत्र दिले खरे. पण त्यांच्या शिष्यांच्या परीक्षा सराईंच्या चौकात, जमलेल्या गर्दीसमोर होत असत, आणि ‘फेन्स-स्कूल’, म्हणजे तलवारबाजीची शाळा, या शब्दाला चिकटलेला हलकेपणा काही गेला नाही.

याच पार्श्वभूमीवर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोक्को बोनेत्ती हा इटालियन गुरू लंडनमध्ये आला. आपल्या जागेला शाळा म्हणणे त्याला कमीपणाचे वाटे, म्हणून तो तिला ‘कॉलेज’ म्हणत असे. जॉर्ज सिल्व्हर या इंग्रज तलवारबाजाने 1599 मध्ये तिचे बारकाईने वर्णन केले आहे. भिंतींवर शिष्य असलेल्या सरदारांची कुलचिन्हे लावलेली होती आणि त्यांच्याखाली त्यांच्याच तलवारी, खंजीर व हातमोजे टांगलेले होते. तिथे सोनेरी झालर लावलेल्या हिरव्या आच्छादनाचे चौकोनी मेज असून त्यावर किरमिजी मखमलीने मढवलेली दौत आणि उत्तम कागद ठेवलेला असे, म्हणजे सरदारांना तिथूनच पत्रे लिहून धाडता येत. एका कोपऱ्यात मोठे घड्याळ होते, आणि ‘गुप्त’ डावपेच शिकवण्यासाठी आतली खोली वेगळी होती. सिल्व्हर इटालियन गुरूंचा कट्टर विरोधक होता, हे लक्षात ठेवूनच हे वर्णन वाचले पाहिजे. तरीही जागेचे रूप बदलले की विद्येचा दर्जा बदलतो, हे बोनेत्तीने नेमके ओळखले होते, असे मला वाटते.

फ्रान्समध्ये हा दर्जा थेट राजसत्तेकडून मिळाला. पॅरिसच्या शस्त्रगुरूंच्या संघाला नवव्या शार्लने 1567 मध्ये मान्यता दिली, आणि चौदाव्या लुईने 1656 मध्ये वीस वर्षे विद्यादान केलेल्या ज्येष्ठ सहा गुरूंना वंशपरंपरागत सरदारकी देऊ केली. साहाय्यक ‘प्रेव्हो’ म्हणून उमेदवारी केल्याशिवाय ‘मेत्र दार्म’, म्हणजे शस्त्रगुरू, होता येत नसे, आणि गुरू झाल्यावरच स्वतःचे दालन उघडता येई. त्यामुळे दालन आणि गुरू यांचे नाते इतके घट्ट झाले, की अमुक साल म्हणजे अमुक गुरूची परंपरा, असा अर्थ रूढ झाला. क्रांतीनंतर 1791 मध्ये व्यावसायिक संघ बरखास्त झाले, पण दालनाला गुरूचे नाव देण्याची रीत टिकली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ला बोएसिएर याच्या नावाशी जोडला जाणारा जाळीचा मुखवटा प्रचारात आला आणि चेहऱ्याला इजा होण्याचे भय कमी होऊन वेगवान लढती शक्य झाल्या. एकोणिसाव्या शतकात द्वंद्वयुद्धाची वेळ येईल या शक्यतेने पत्रकार आणि राजकारणी या दालनांत नियमित सराव करीत.

इंग्लंडमध्ये फ्रेंच पद्धतीचा पाया घट्ट केला तो पॅरिसमध्ये शिकलेल्या दोमेनिको अँजेलो या मूळच्या इटालियन गुरूने; त्याची लंडनमधील संस्था मात्र इंग्रजीत ‘स्कूल ऑफ आर्म्स’ म्हणूनच ओळखली गेली. ‘साल बेर्ट्राँ’, ‘साल पॉल’ अशी नावे पुढे लंडनमध्ये फ्रेंच घराण्यांतील गुरूंमुळे प्रसिद्ध झाली. इटलीत ‘साला दार्मी’, स्पेनमध्ये ‘साला दे आर्मास’ आणि जर्मनीत ‘फेश्टबोडन’ हे शब्द त्या-त्या परंपरेसोबत चालत राहिले.

मराठीत याला जवळचा शब्द ‘तालीम’ आहे, मात्र त्याचा प्रवास उलट्या दिशेने झाला. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत ते कुस्तीच्या जागेचे नाव झाले, तर ‘साल’ हे जागेचे नाव असून त्याला शिक्षणपरंपरेचा अर्थ चिकटला. म्हणून ‘साल दार्म’चे भाषांतर नुसते ‘सभागृह’ किंवा ‘हॉल’ असे केले, तर त्यातला गुरूचा अंश गळून पडतो.

तलवारबाजीचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1913 मध्ये पॅरिसमध्येच स्थापन झाला आणि पंचांची अधिकृत भाषा आजही फ्रेंचच आहे. भारतातही सामना ‘आँ गार्द, प्रे, आले’ याच आज्ञांनी सुरू होतो. सरावाच्या जागेला मात्र आपले खेळाडू ‘अकादमी’ किंवा ‘सेंटर’ म्हणतात.