कापरेकर संख्या वेगळी, कापरेकर स्थिरांक वेगळा

‘६१७४ ही कापरेकर संख्या’ असं वाक्य अधूनमधून वाचनात येतं आणि मला राहवत नाही. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक. कापरेकर संख्या म्हणजे निराळंच प्रकरण. दोन्ही शोध देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे, म्हणून नावांची गल्लत होते.

स्थिरांकाची कृती वजाबाकीची. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे गाडी तिथेच थांबली. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत इथेच पोचता. (मधे शून्य आलं तर ते गाळायचं नाही. बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.)

कापरेकर संख्येत वजाबाकी नाहीच. संख्येचा वर्ग करायचा, संख्येत जितके अंक तितके उजवीकडून तोडायचे आणि दोन्ही तुकड्यांची बेरीज करायची. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. मूळ संख्या परत आली की ती कापरेकर संख्या. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६; ३८११ + ८२७६ = १२०८७. जमलं नाही.

आता १४२८५७ घ्या. वर्ग २०४०८१२२४४९. उजवे सहा अंक १२२४४९, डावीकडे उरले २०४०८, बेरीज १४२८५७! हे का होतं, ते मला फार आवडतं. दोन तुकड्यांची बेरीज मूळ संख्येइतकी यायची, तर संख्या गुणिले तिच्या आधीची संख्या म्हणजे डावा तुकडा गुणिले ९९९९९९ असायला हवं. इथे १४२८५७ × ७ = ९९९९९९, आणि आधीची संख्या १४२८५६ = ७ × २०४०८. एकाला जो सात हवा होता तो दुसऱ्यात तयारच होता. डावा तुकडा वर्ग न करताच हाती आला.

हीच संख्या वजाबाकीच्या कृतीत घाला. सहा अंकांना एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिरांक आहेत. १४२८५७ त्यातल्या एकाकडेही जात नाही. ८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३. मग ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि सातव्या वजाबाकीला ८५१७४२. अंक नीट पाहा: १, २, ४, ५, ७, ८, तेच सहा. म्हणजे आठवी वजाबाकी पुन्हा ७५०८४३.