स्नोमोबाईल : इंधन यंत्रणेची साठवणपूर्व तयारी

बर्फ वितळले की स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरून धावणारी इंजिनाची गाडी, सहा ते आठ महिने जागेवर उभी राहते. तेवढ्या काळात आतले पेट्रोल शिळे होऊन यंत्रणा चोंदू नये, म्हणून गाडी झाकण्याआधी ही तयारी करतात.

पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि उरलेले ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट राळ बनते. हंगाम संपताना टाकीत असते ते हिवाळी पेट्रोल. थंडीत इंजिन चटकन सुरू व्हावे म्हणून त्यात झटकन उडणारे घटक जास्त असतात, आणि उन्हाळ्यात आधी तेच निघून जातात. १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल हवेतला ओलावाही ओढते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते.

म्हणून टाकी जवळजवळ काठोकाठ भरावी, प्रसरणापुरती जागा सोडावी. अर्धवट टाकीतल्या मोकळ्या हवेमुळे दव धरते. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर बिघडू न देणारे रसायन, डब्यावरच्या प्रमाणात ताज्या पेट्रोलमध्येच घालावे. पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि नुकसान होते ते इथेच: टाकी सुरक्षित राहते, पण कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागात) जुनेच पेट्रोल असते. गाडीचा मागचा भाग उचलून, उघड्या हवेत इंजिन पाच-दहा मिनिटे चालवले, तरच स्टॅबिलायझर घातलेले पेट्रोल तिथवर पोहोचते.

टू-स्ट्रोक इंजिनात बंद करण्याआधी फॉगिंग ऑईल फवारतात, त्याने बेअरिंग आणि सिलिंडर गंजत नाहीत. रोटॅक्स कंपनीच्या ई-टेक इंजिनांत यासाठी वेगळी सोयच आहे. एरवी उत्पादकाची पुस्तिका पाहावी.

मग इंधनाचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीचा (पेट्रोल साठते त्या कप्प्याचा) तळस्क्रू सैल करावा आणि उरलेले पेट्रोल भांड्यात काढावे. हे काम टाळू नये. पायलट जेटचे, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे, छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. वाटीत सुकलेल्या थोड्याशा पेट्रोलची राळही ते बुजवते. असा जेट उजेडासमोर धरला तर आरपार दिसत नाही. कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारून देणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत वाटीच नसते. तिची टाकी मात्र कोरडी करू नये, कारण आतल्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवते.

काढलेले पेट्रोल तपकिरी, आंबूस वासाचे निघाले, तर टाकीतलेही तपासावे. बिघडलेले पेट्रोल स्टॅबिलायझरने सुधारत नाही, ते काढून नवेच भरावे लागते.