मुंबईच्या बागांना हक्काचा पैसा का नाही?

मुंबईतलं मालमत्ता कराचं बिल उलगडलं की रकान्यांची रांगच दिसते. सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, पथकर आणि वृक्ष उपकर. बागेचा रकाना मात्र नाही. वृक्ष उपकर वाचून अनेकांना वाटतं की बागेचे पैसे आपण भरतोच. पण तो उपकर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यातून आला, झाडं लावण्यासाठी आणि जगवण्यासाठी. घसरगुंडी, बाकं, दिवे, रखवालदार, स्वच्छतागृह यांचा खर्च महापालिकेच्या एकूण अर्थसंकल्पातून निघतो. तिथे समोर रस्ते आणि रुग्णालयं असतात, आणि बाग मागे पडते.

हे आजचं नाही. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली, ती महापालिकेने नव्हे तर बागकाम आणि शेतीच्या हौशी मंडळींच्या एका संस्थेने उभी केली होती. शहरातल्या धनिकांनी हात दिला. पुढे संस्थेचा कारभार आटोपला आणि १८७३ मध्ये बाग महापालिकेकडे आली. म्हणजे शहराची सर्वांत मोठी बाग आधी देणग्यांवर वाढली आणि नंतर करदात्यांच्या पदरात पडली.

त्याच सुमारास घरपट्टीवरून मुंबई पेटली होती. १८६५ च्या कायद्याने महापालिका आयुक्ताचं पद निर्माण झालं आणि आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारं, मंडई यांची कामं झपाट्याने हाती घेतली. खर्च वाढला, कर वाढले आणि १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर नाही तरी सभागृहांत उतरले. आमचा पैसा कुठे खर्च करायचा हे आम्हालाच विचारा, ही त्यांची मागणी. तरुण फिरोजशहा मेहता यांनी क्रॉफर्ड यांची बाजू घेतली, पण उपाय म्हणून लोकनियुक्त प्रतिनिधीच सुचवले. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मुंबईत मताचा हक्क घरपट्टीच्या पावतीवरून मिळाला, हे विसरून चालणार नाही.

मग १८८८ चा महापालिका अधिनियम आला, जो आजही लागू आहे. माझ्या मते बागांचं खरं दुखणं इथे आहे. कलम ६१ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत आणि कलम ६३ मध्ये ऐच्छिक. उद्यानं, मैदानं दुसऱ्या यादीत गेली. गटार बांधलंच पाहिजे, बाग जमली तर. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं हे शहरी संस्थांचं काम म्हणून नोंदवलं, पण त्यासाठी वेगळा पैसा दिला नाही.

मोकळ्या जागा मिळाल्या त्या बहुतेक नियोजनातून. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहराच्या फेररचनेसाठी स्थापन झालेल्या सुधार न्यासाने दादर-माटुंगा आखलं आणि मैदानं, चौक, बागा नकाशातच ठेवल्या. शिवाजी पार्क १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, दोन वर्षांनी त्याला महाराजांचं नाव मिळालं. या जागा आजही टिकून आहेत, कारण घरं बांधण्याआधी त्या राखून ठेवल्या होत्या.

अमेरिकेत वाट वेगळी निघाली. मिनियापोलिसमध्ये १८८३ साली मतदारांनी उद्यानांसाठी स्वतंत्र निवडून आलेलं मंडळ स्थापन केलं आणि त्याला मालमत्ता करातून पैसा मिळतो. १९११ च्या एका कायद्याने बाग झाल्यावर ज्यांच्या जमिनीला भाव येतो, त्या शेजाऱ्यांकडून खर्चाचा वाटा घेण्याची सोय झाली. शिकागोतही उद्यानांची स्वतंत्र कर घेणारी संस्था आहे. १९३४ मध्ये २२ लहान उद्यान मंडळं एकत्र करून ती बनली.

मुंबईत करच आक्रसत गेला. कर भाड्यावरून ठरायचा, त्यामुळे भाडे नियंत्रण आल्यावर जुन्या इमारतींचं करपात्र मूल्य गोठलं. २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावाच्या आधारे, कर सुरू झाला, पण त्याच्या नियमांचा काही भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरवला. २०१७ मध्ये जकात गेली. जानेवारी २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर पूर्ण माफ झाला. छोट्या घरात राहणाऱ्याला ही मोठी मदत आहे आणि ती राहावी असंच मला वाटतं. मात्र याच कुटुंबांना बागेची सर्वाधिक गरज असते, आणि बागेसाठी पैसा कुठून येणार याचं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही.

पैसा नाही म्हटल्यावर बागा आणि मैदानं खासगी संस्थांना सांभाळायला देण्याची वाट पुन्हा पुन्हा पुढे येते. जानेवारी २०१६ मध्ये असं धोरण मंजूर झालं आणि विरोध झाल्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. २०२३ मध्ये नवा मसुदा आला, तेव्हा तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ पासून प्रशासक कारभार पाहत होते. सांभाळणाऱ्याने कुंपण घालून फाटकाला कुलूप लावलं तर विचारायचं कुणाला, हा लोकांचा साधा प्रश्न होता.

उद्यानं कलम ६३ मधून ६१ मध्ये आणणं आणि कराचा ठरावीक भाग त्यांच्यासाठी बाजूला ठेवणं, एवढं झालं तरी खूप आहे. कलम बदलायचं तर त्यासाठी राज्याच्या विधिमंडळातच दुरुस्ती करून घ्यावी लागेल.