विकृत रक्तपेशींची यंत्रशिक्षणाद्वारे ओळख

काचपट्टीवर पसरून रंगवलेल्या रक्ताची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेऊन त्यांतील विकृत पेशी संगणकाकडून शोधून घेण्याची पद्धत. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार), हिवताप यांसारख्या आजारांत ती निदानाला मदत करते.

नेहमीच्या तपासणीत तंत्रज्ञ 100 ते 200 पांढऱ्या पेशी पाहून त्यांची प्रकारवार मोजणी करतो. हे काम यंत्राकडे देण्याचे प्रयत्न 1960 च्या दशकापासून चालू आहेत. सुरुवातीला केंद्रकाचा आकार, गोलाई, रंग अशी मोजमापे माणसाने ठरवून द्यावी लागत. 2012 नंतर कन्व्होल्युशनल न्यूरल नेटवर्क या चित्रे ओळखायला शिकणाऱ्या आज्ञावलीचा वापर वाढला. तज्ज्ञांनी नावे दिलेल्या हजारो चित्रांवरून हे नेटवर्क खुणा स्वतःच शिकते.

खरी अडचण आज्ञावलीपेक्षा चित्रसंचात असते. म्युनिकच्या संशोधकांनी 2019 मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या ल्युकेमियाच्या एका प्रकाराचे 100 रुग्ण आणि हा आजार नसलेल्या 100 व्यक्ती यांच्या 18,365 पेशींची चित्रे वापरली. त्यांत न्यूट्रोफिल या नेहमी आढळणाऱ्या पांढऱ्या पेशी हजारोंनी होत्या, पण काही प्रकारांची शंभर चित्रेही नव्हती. दुर्मीळ पेशीच अनेकदा निर्णायक असते, म्हणून नुसत्या अचूकतेच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. शंभरात एकच ब्लास्ट पेशी (ल्युकेमियात वाढणारी अपरिपक्व रक्तपेशी) असेल, तर प्रत्येक पेशीला ‘निरोगी’ म्हणणारी आज्ञावलीही 99 टक्के अचूक ठरते आणि रुग्णाचा आजार मात्र निसटतो. ब्लास्ट पेशींपैकी किती सापडल्या, हे वेगळे तपासलेच पाहिजे.

लीशमन, गिम्सा, राइट या रंगद्रव्यांत आणि ती वापरण्याच्या वेळेत फरक पडला की तीच पेशी निराळी दिसते. त्यामुळे एका प्रयोगशाळेत उत्तम चाललेली प्रणाली दुसरीकडे चुकू शकते. एकाच रुग्णाची चित्रे प्रशिक्षण आणि चाचणी या दोन्ही संचांत आली, तर निकाल फसवे चांगले येतात; विभागणी रुग्णांनुसारच करावी लागते. शिवाय काही पेशींच्या नावाबद्दल अनुभवी तज्ज्ञांचेही एकमत होत नाही, आणि तो मतभेद प्रशिक्षणात उतरतो.

प्रयोगशाळांतील स्वयंचलित उपकरणे पेशींची प्राथमिक वर्गवारी करतात आणि तंत्रज्ञ किंवा पॅथॉलॉजिस्ट ती तपासून कायम करतो. संशयास्पद काचपट्टी रांगेत पुढे आणणे हाही या पद्धतीचा मोठा उपयोग आहे. उदाहरणार्थ, तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात जीवघेणा रक्तस्राव केव्हाही होऊ शकतो, त्यामुळे नुसत्या संशयावरही उपचार लगेच सुरू करतात.